नोकरी सोडून मुलासाठी घरी राहायचंय? राजीनाम्याआधी मांडायचा हिशेब

पेडणे : मोपा विमानतळ, तुये आणि डिचोलीच्या औद्योगिक वसाहती, किनाऱ्यावरची हॉटेलं, म्हापसा-पणजीची खासगी कार्यालयं. पेडणे आणि डिचोली तालुक्यात गेल्या दहा-पंधरा वर्षांत नवरा-बायको दोघंही नोकरी करतात अशी घरं बरीच वाढली. बांदा, सातार्डा, दोडामार्गहून रोज सीमा ओलांडून कामाला येणारी जोडपी वेगळीच. मूल झालं की या घरांत एकच विषय असतो. बाळाला कोण बघणार? सासू-सासरे धडधाकट असले तर प्रश्न तात्पुरता सुटतो. नसले तर सांभाळणारी बाई शोधा, नाहीतर दोघांपैकी एकाने नोकरी सोडा.

सोडायची की नाही, हा ज्याच्या त्याच्या घरचा निर्णय. पण बहुतेक घरांत निर्णय आधी होतो आणि हिशेब नंतर, आणि नंतरच्या हिशेबात न मिळालेले हक्काचे पैसेच जास्त दिसतात. म्हणून हा लेख. गोव्यातल्या वाचकांसाठी यात दोन-तीन गोष्टी अशा आहेत की ज्या पुण्या-मुंबईच्या आर्थिक सल्ल्यात सापडत नाहीत, कारण इथला कायदाच वेगळा आहे.

पगार किती, आणि उरतो किती

एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, तुम्ही आपले घाला. धारगळच्या बाजूचं जोडपं. तो विमानतळावर कंत्राटी कामाला, एकूण वेतन २५,८००, पीएफ कापून हातात २४,०००. ती तुयेच्या कारखान्यात, एकूण वेतन २१ हजारांच्या किंचित खाली, पीएफ आणि ईएसआय कापून हातात १९,०००. घरात महिन्याला ४३,००० येतात.

आता तिच्या नोकरीसाठी होणारा खर्च बघा. स्कूटरचं पेट्रोल आणि दुरुस्ती २,५००. बाळाला सांभाळणाऱ्या बाईला ५,०००. दमून आल्यावर बाहेरून आणलेलं जेवण, चहा-नाश्ता १,५००. कपडे, चपला आणि ऑफिसातले वाढदिवस वगैरे ५००. झाले ९,५००. म्हणजे १९ हजारांतले खरे उरतात ९,५००. इथपर्यंतचा हिशेब सगळेच करतात आणि म्हणतात, एवढ्यासाठी कशाला धावपळ?

पण हिशेब इथे संपत नाही. तिच्या १५,००० मूळ पगारावर तिचे १,८०० आणि कंपनीचे १,८०० असे ३,६०० दरमहा भविष्य निर्वाह निधीत जातात (त्यातले १,२५० पेन्शनच्या खात्यात). ग्रॅच्युइटीचे वर्षाला १५ दिवसांचे पैसे साठतात, म्हणजे १५,००० भागिले २६ गुणिले १५, साधारण ८,६५०. महिन्याला ७२० धरा. नोकरी सोडली की खरं नुकसान ९,५०० नसून १३,८०० च्या घरात आहे. शिवाय ईएसआयचं वैद्यकीय संरक्षण जातं, त्याकडे पुढे येऊ.

आता घरखर्च. गृहकर्जाचा हप्ता ९,०००, किराणा-मासळी-दूध ९,५००, वीज-गॅस-मोबाईल २,५००, म्हाताऱ्यांची औषधं २,०००, बाळाचा खर्च ३,५००, त्याचं पेट्रोल २,५००, विमा आणि भिशी २,०००, लग्नकार्य-जत्रा-येणंजाणं २,५००. बेरीज ३३,५००. तिच्या नोकरीचा खर्च धरून ४३,०००, म्हणजे आज शिल्लक शून्य. ती घरी राहिली तर खर्च ३३,५०० आणि येणार २४,०००. दरमहा ९,५०० ची खोट.

काटकसरीने किती वाचेल? हप्ता आणि औषधं हलत नाहीत. भिशी थांबवली, बाकी थोडं थोडं कापलं तर ३,५०० वाचतील, त्याहून जास्त धरू नका. उरले ६,००० महिन्याला. मूल तीन वर्षांचं होऊन अंगणवाडीत किंवा बालवाडीत जाईपर्यंत ३६ महिने, म्हणजे २,१६,००० रुपये. हा आकडा राजीनाम्याच्या दिवशी बाजूला तयार हवा. नसला तर ते पैसे सोन्यावर कर्ज काढून किंवा क्रेडिट कार्डावरून उभे होतात, आणि मग ती दीड वर्षात मिळेल ती नोकरी धरते. पगार आधीपेक्षा कमीच असतो.

तो जमवायचा कसा? बाळ येण्याआधी बाईचे ५,००० आणि बाळाचे ३,५०० हे खर्च नसतात. म्हणजे तेव्हा याच घरात महिन्याला ८,५०० वाचू शकतात. लग्नानंतर वर्षभराने ठरवलं आणि १४ महिने नेटाने बाजूला टाकले तर १,१९,०००. प्रसूती रजेच्या सहा महिन्यांत पगाराइतके पैसे येतात आणि कामावर जाण्याचा खर्च नसतो, तेव्हा ९,५०० प्रमाणे ५७,०००. एकूण १,७६,०००. बाळंतपणाचा खर्च यातून काढला नाही असं धरलं तरी तीन वर्षांना ४० हजार कमी पडतात. ६,००० च्या दराने ही रक्कम २ वर्षं ५ महिने पुरते, आणि तेव्हा हाताशी अडीअडचणीचा एक पैसा राहत नाही. माझ्या मते या जोडप्याने दोन वर्षांचाच बेत करावा. १,४४,००० लागतील आणि ३२ हजार अडचणीसाठी राहतील. तेही घरखर्चाच्या एका महिन्याइतकेच आहेत.

एका पगारावर राहून बघण्याची चाचणी सगळे सल्लागार सांगतात. चांगली आहे. फक्त ती फेब्रुवारी-मार्चमध्ये करू नका, तेव्हा सगळ्यांनाच जमतं. आपल्याकडे खर्चाचं वर्ष वेगळं चालतं. मे महिन्यात पुरुमेताची बेगमी, जूनमध्ये शाळा, मग चवथ. माटोळी, फटाके, नवीन लग्न झालेल्या मुलीच्या घरी पाठवायचं वजें, मुंबईहून येणारे पाहुणे. मे ते सप्टेंबर हे पाच महिने एका पगारात काढून दाखवले तर चाचणी खरी. दुसरा पगार पोस्टाच्या आवर्ती ठेवीत टाका, म्हणजे सहज हात लागत नाही.

राजीनामा कधी द्यायचा

यात सगळ्यात जास्त नुकसान होतं. सातवा महिना लागला, घाटरस्ता नको, रोजचा प्रवास नको म्हणून मुली राजीनामा देऊन माहेरी जातात. प्रवास नको हे बरोबर, पण त्यासाठी राजीनाम्याची गरज नाही. पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा आहे. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात २०१७ मध्ये दुरुस्ती होऊन १२ ची २६ झाली, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती कायम आहे. त्यातले आठ आठवडे प्रसूतीच्या तारखेआधी घेता येतात. आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असलं की पुरे. तिसऱ्या मुलाला १२ आठवडे मिळतात.

वेतन २१ हजारांपर्यंत असेल आणि ईएसआय कापला जात असेल तर हे पैसे कंपनीऐवजी ईएसआय महामंडळ देतं. तिथली अट आधीच्या दोन अंशदान कालावधींत मिळून ७० दिवसांची आहे. अंशदान कालावधी म्हणजे एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. पहिल्याचा लाभ पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये आणि दुसऱ्याचा जुलै ते डिसेंबरमध्ये मिळतो. त्यामुळे कोणत्या महिन्यात काम सुटलं यावर बरंच अवलंबून असतं. पे-स्लिपवर ईएसआयची कपात दिसते का, हे आजच बघून ठेवा. कपात होते पण भरणा होत नाही, असे प्रकार ठेकेदारांकडे घडतात.

रजा संपल्यावर कामावर परत आलंच पाहिजे अशी अट या कायद्यात नाही. कंपनीतले लोक तोंडी काहीबाही सांगतात, लेखी मागितलं की विषय मिटतो. रजा पूर्ण घ्या, मग नोटीस देऊन रीतसर राजीनामा द्या. वरच्या उदाहरणातल्या मुलीच्या बाबतीत ही लाखाच्या वरची रक्कम आहे. ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनाला पाळणाघराची सोय करावी लागते, हेही विचारून बघायला हरकत नाही. रजेनंतर काही दिवस घरून काम करण्याबाबत मालकाशी बोलणी करण्याची सोयही कायद्यात आहे, अर्थात कामाचं स्वरूप तसं असेल तर. गोळ्यांच्या पॅकिंग लाईनवर त्याचा उपयोग नाही.

ग्रॅच्युइटीला सलग पाच वर्षं लागतात आणि प्रसूती रजेचा काळ सेवेतच धरला जातो. साडेचार वर्षं झालेलीने घाई करू नये, सहा महिने थांबलं तर वरच्या पगारावर ४३ हजार रुपये मिळतात. मुदतीच्या करारावर थेट नेमलेल्यांना नव्या संहितेत एका वर्षानंतरच ग्रॅच्युइटीचा हक्क दिला आहे.

पीएफ मोडू नका

नोकरी सुटली की पीएफ काढायचा, हा आपल्याकडे रिवाजच झालाय. सायबर कॅफेवाला शंभर-दोनशे रुपयांत फॉर्म भरून देतो. पाच वर्षांच्या सेवेआधी काढला तर रक्कम करपात्र होते, आणि ती ५० हजारांच्या वर असेल तर १० टक्के टीडीएस कापला जातो. पॅन जोडलेला नसला तर त्याहून जास्त. न काढता ठेवला तर व्याज चालूच राहतं. २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही वर्षांचा दर ८.२५ टक्के होता, तेवढं व्याज बँकेच्या साध्या ठेवीत मिळत नाही. नोकरी सोडल्यानंतरच्या व्याजावर मात्र कर लागतो, ते लक्षात असू द्या.

पेन्शनच्या भागासाठी दहा वर्षांची सेवा लागते. ती झाली नसेल तर पैसे काढण्याऐवजी योजना प्रमाणपत्र घ्यावं. पुन्हा नोकरी लागली की जुनी वर्षं नव्यात धरली जातात. यूएएन क्रमांक एकच ठेवा.

आणि नावं. लग्नाआधीचं नाव पीएफमध्ये, नवऱ्याचं नाव-आडनाव आधारवर, पॅनवर तिसरंच. नोकरीत असताना कंपनीकडून हे दुरुस्त होतं, बाहेर पडल्यावर फेऱ्या मारत बसावं लागतं. लग्नाआधी आई-वडिलांच्या नावे केलेलं पीएफचं नामनिर्देशन लग्नानंतर आपोआप रद्द होतं. नवीन भरलंय का?

गोव्यात अर्धं तिचंच

हा मुद्दा आपल्या भागाचा. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेवर आधारलेला समान कौटुंबिक कायदा आहे. नोंदणी करून लग्न केलं आणि लग्नाआधी वेगळा करार केला नाही, तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक होते आणि प्रत्येकाचा अर्धा हिस्सा असतो. कमवतं कोण हा प्रश्न त्यात येत नाही. घर विकायचं किंवा गहाण ठेवायचं तर दोघांची सही लागते. त्यामुळे नोकरी सोडून घरी राहिलेली बाई (किंवा पुरुष) पैशाच्या बाबतीत 'नवऱ्यावर अवलंबून' असते, हे इथे कायद्याने खरं नाही. पण याच सहीमुळे ती कर्जालाही बांधली जाते. टॅक्सीसाठी, शॅकसाठी घर तारण ठेवताना 'इथे सही कर' म्हटलं की केली, असं करू नका. रक्कम, व्याज, मुदत वाचा.

आयकरात याचा थेट परिणाम होतो. या कायद्याखाली येणाऱ्या दांपत्याचं पगार सोडून बाकी सगळं उत्पन्न, म्हणजे भाडं, धंदा, व्याज, दोघांत निम्मं-निम्मं वाटून प्रत्येकाच्या नावे धरलं जातं. १९६१ च्या आयकर कायद्यात हे कलम ५अ म्हणून आहे, आणि १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यातही ही तरतूद ठेवली आहे. पगार मात्र ज्याचा त्याचाच.

हरमल-मांद्रे-मोरजीकडे खोल्या भाड्याने देणारी घरं पुष्कळ, म्हणून उदाहरण तसंच घेऊ. नवऱ्याचा पगार वर्षाला ९ लाख, खोल्यांचं करपात्र भाडं ६ लाख, बायको घरी. २०२५-२६ च्या नव्या करपद्धतीत पगारातून ७५ हजारांची प्रमाणित वजावट जाऊन ८.२५ लाख, त्यात भाड्याचा अर्धा वाटा ३ लाख, एकूण ११.२५ लाख. १२ लाखांपर्यंतच्या सवलतीमुळे कर शून्य. बायकोच्या नावे ३ लाख, तेही ४ लाखांच्या आत. आता सावंतवाडीत हेच जोडपं असेल आणि खोल्या नवऱ्याच्या नावावर असतील तर सगळे १४.२५ लाख त्याचेच, आणि उपकरासह कर ९७,५००. नदीच्या अलीकडे-पलीकडे एवढा फरक.

तरीही पेडण्यातल्या कित्येक घरांत बायकोचं पॅन कार्ड काढलेलं नसतं, कारण 'ती काय कमावते?' नवऱ्याच्या विवरणपत्रात ५अ चं परिशिष्ट भरताना तिचा पॅन लागतो. बँकेने नवऱ्याच्या नावावर कापलेला टीडीएसही दोघांत वाटून घेता येतो. आणि तिच्या वाट्याचं उत्पन्न मर्यादेवर गेलं तर तिलाही विवरणपत्र भरावं लागतं. नोकरी सोडल्यावर आपला आयकराशी संबंध संपला, असं गोव्यातल्या गृहिणीने समजू नये.

सिंधुदुर्ग, कोल्हापूर आणि बेळगावच्या वाचकांसाठी चित्र उलटं आहे. तिथे हिंदू पत्नीला नवरा हयात असताना त्याच्या मालमत्तेत आपोआप अर्धा वाटा नाही. नवऱ्याने बायकोच्या नावे ठेव केली तरी तिचं व्याज नवऱ्याच्याच उत्पन्नात मिळवलं जातं. म्हणून तिथे नोकरी सोडण्याआधी घर दोघांच्या नावावर करणं आणि तिचे स्वतःचे पगाराचे साठलेले पैसे तिच्याच खात्यात वेगळे ठेवणं महत्त्वाचं. तिच्या पैशांवरचं व्याज तिचंच धरलं जातं. महाराष्ट्रात केवळ महिलेच्या नावावर राहतं घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट आहे.

एकच कमाई, तीही एकाच धंद्यावर

डिचोलीकरांना हे वेगळं सांगायला नको. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या, ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली, मध्ये काही काळ सुरू होऊन मार्च २०१८ मध्ये ८८ लीज रद्द झाल्याने पुन्हा बंद. मये, शिरगाव, डिचोली, साखळी पट्ट्यात ट्रकांवर कर्जं होती आणि घरात दुसरी कमाई नव्हती. खाणीचा ट्रक कधी थांबेल असं २०११ मध्ये कोणाला वाटत नव्हतं. आज तीच खात्री विमानतळ आणि पर्यटनाबद्दल ऐकू येते.

म्हणून राहणारी कमाई कसली आहे ते बघा. सरकारी किंवा बँकेची कायम नोकरी असेल तर सहा महिन्यांचा घरखर्च हाताशी ठेवून चालेल. कंत्राटी असेल तर नऊ. टॅक्सी, शॅक, वॉटरस्पोर्ट्स, खोल्या असा ऑक्टोबर ते मे चा धंदा असेल तर पावसाचे चार महिने हे 'अडचण' नाहीतच, ते ठरलेले आहेत. त्यांचा खर्च वेगळा काढून वर सहा महिन्यांचा हवा. या घरांत महिन्याचं बजेट करून उपयोग नाही, वर्षाचं उत्पन्न बाराने भागून तेवढेच पैसे दर महिन्याला घरखर्चाच्या खात्यात टाकावेत.

हे पैसे ठेवायचे कुठे, यावरही आपल्या भागाने किंमत मोजली आहे. म्हापसा अर्बन बँकेवर कित्येक वर्षं निर्बंध होते, एप्रिल २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने परवाना रद्द केला. जुलै २०२१ मध्ये मडगाव अर्बनचा. बँकेतल्या ठेवीला प्रत्येक ठेवीदारामागे ५ लाखांपर्यंत ठेव विमा आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. ओळखीचा संचालक आहे, अर्धा-एक टक्का जास्त मिळतं म्हणून अडचणीचा पैसा पतसंस्थेत ठेवणं मला पटत नाही. जमीन संपादनाचे किंवा विक्रीचे एकरकमी पैसे असतील तर पोस्टाची मासिक प्राप्ती योजना बघा. एका नावावर ९ लाख, संयुक्त १५ लाख, ७.४ टक्के दराने ९ लाखांवर महिन्याला ५,५५०. महिला सन्मान बचत पत्र ३१ मार्च २०२५ ला बंद झालं आहे, एजंट अजून नाव घेतात.

तीन राज्यं, तीन योजना

गोव्यात गृह आधार, विवाहित महिलेला महिन्याला १,५००, पती-पत्नीचं वार्षिक उत्पन्न ३ लाखांच्या आत आणि गोव्यात १५ वर्षं वास्तव्य. महाराष्ट्रात लाडकी बहीण, १,५००, वय २१ ते ६५, कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत. कर्नाटकात गृहलक्ष्मी, कुटुंबप्रमुख महिलेला २,०००, ती किंवा पती आयकर भरत नसेल तर. एकाच बाईने दोन राज्यांत अर्ज करू नये. माहेरच्या रेशनकार्डावरचं नाव कमी न करता सासरी दुसरीकडे घातलं की पुढे वसुलीची नोटीस येऊ शकते.

आपल्या उदाहरणातल्या जोडप्याला वाटेल, ती घरी राहिली की २४ हजार गुणिले बारा, २ लाख ८८ हजार, म्हणजे गृह आधार मिळेल. पण दाखल्यावर एकूण उत्पन्न येतं, हातात आलेलं नव्हे. २५,८०० प्रमाणे ३,०९,६०० होतात आणि अर्ज अडतो. योजनेचे पैसे बजेटमध्ये धरायचे ते खात्यात जमा व्हायला लागल्यावर.

मुलगी झाली तर सुकन्या समृद्धी खातं वर्षाला २५० रुपयांपासून चालतं, दर ८.२ टक्के, मुलगी दहा वर्षांची होण्याआधी काढावं. घट्ट दिवसांत २५० च भरा, खातं जिवंत ठेवा. महाराष्ट्रात पिवळ्या-केशरी कार्डवाल्यांना १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या मुलीसाठी 'लेक लाडकी'चे टप्प्याटप्प्याने १,०१,००० आहेत.

दवाखाना आणि विमा

वरच्या घरात ईएसआय होता तो तिच्या पगारावर. त्याचं वेतन २१ हजारांच्या वर, म्हणून त्याला नाही. तिने नोकरी सोडली की काही महिन्यांत बाळासकट तिघांचंही संरक्षण जातं, आणि हे बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड तीन जणांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, चार किंवा जास्त असतील तर चार लाखांपर्यंत उपचार देतं, पण यादीतल्या, दाखल होऊन करायच्या उपचारांना. तापाला, लसीला, तपासण्यांना नाही. बाळाचं नाव त्यात घालायला विसरू नका. खासगी मेडिक्लेम घ्यायचा असेल तर नोकरीत असतानाच घ्या, जुन्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागतं आणि ते घड्याळ जितकं लवकर सुरू होईल तितकं बरं. वैयक्तिक आरोग्य आणि आयुर्विम्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला आहे.

कमावत्याचा टर्म विमा हवाच. घरी राहणाऱ्याचाही हवा. 'ती घरीच असते, तिचा कशाला?' असं विचारणाऱ्यांसाठी २०२४ च्या केंद्राच्या वेळ-वापर सर्वेक्षणातला आकडा : बिनपगारी घरकामात बायका दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात, पुरुष ८८. ते काम पैसे देऊन करून घ्यायचं झालं तर काय पडेल ते बघा. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०२१ मध्ये अपघात भरपाईच्या एका निकालात गृहिणीच्या कामाचं उत्पन्न धरलं आहे. जमत नसेल तर निदान बँकेतून प्रधानमंत्री जीवन ज्योती (वर्षाला ४३६ रुपये, २ लाख) आणि सुरक्षा विमा (२० रुपये, अपघाताला २ लाख) दोघांच्याही खात्यावर सुरू करा. खात्यात तेवढी शिल्लक नसली की हप्ता चुकतो आणि विमा जातो.

बाबा घरी राहिला तर?

आपल्याकडे हा पर्याय चर्चेलाच येत नाही, पण आकडे मांडले तर कित्येक घरांत तोच निघतो. ती बांबोळीला परिचारिका किंवा सरकारी शाळेत शिक्षिका, तो हंगामी धंद्यात. तिची नोकरी सोडणं म्हणजे कायमचा पगार आणि रजा सोडणं. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना १८० दिवसांची प्रसूती रजा आणि वर पूर्ण सेवेत ७३० दिवसांची बालसंगोपन रजा आहे, पहिले ३६५ दिवस पूर्ण पगारी, पुढचे ८० टक्के. अशा घरात पावसाचे चार महिने तो तसाही घरी असतो. हंगामातल्या आठ महिन्यांचीच सोय लावायची, तिथे सासू किंवा बाई मदतीला घेता येते. लोक काय म्हणतील ते म्हणोत, आठवड्याच्या बाजारात दोन दिवस बोलतील.

बाहेर पडताना हातात काय हवं

राजीनाम्याची पोच, अनुभवाचा दाखला, शेवटच्या तीन महिन्यांच्या पे-स्लिपा, फॉर्म १६, पीएफ आणि ईएसआयचे क्रमांक. कंत्राटदार बदलत असेल तर हे आधीच घ्या, नंतर त्याचं ऑफिसच सापडत नाही. गृहकर्जात दोघं सहकर्जदार असाल तर तिची नोकरी गेली तरी हप्त्याची जबाबदारी दोघांवरच राहते. म्हणून नोकरी असतानाच बँकेत जाऊन मुदत वाढवून हप्ता कमी होतो का ते बघावं. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जाला मुदतीआधी पैसे भरल्याचा दंड नसतो, पुन्हा कमाई सुरू झाली की भरून टाकता येतं.

तिचं स्वतःचं बँक खातं चालू ठेवा आणि घरखर्चाचे पैसे दर महिन्याच्या एकाच तारखेला त्यात जाऊ देत. मागून घ्यायला लागलं की भांडणं होतात. त्यातलेच तीन-चारशे रुपये तिच्या नावे अटल पेन्शनमध्ये टाकता येतील. वय १८ ते ४० हवं, आणि आयकर भरणाऱ्याला ऑक्टोबर २०२२ पासून ती घेता येत नाही, म्हणजे भाड्याच्या अर्ध्या वाट्यावर जिला कर लागतो ती यात बसणार नाही. घरून शिकवण्या, शिवण, मसाले-पापड असं काही सुरू करणार असाल तर त्याची कमाई पहिलं वर्ष बजेटमध्ये धरू नका. खाण्याच्या वस्तूंसाठी अन्न सुरक्षा नोंदणी मात्र पहिल्या ऑर्डरआधीच करून घ्या.

परत कामावर जायची तारीख ढोबळ का होईना, आधी ठरवा. वरच्या घरात ती दोन वर्षांनंतरची आहे, आणि तेव्हा मूल अंगणवाडीच्या वयाचं झालेलं नसेल. त्या मधल्या महिन्यांत बाळ कोणाकडे राहणार हे सासू-सासऱ्यांशी किंवा माहेरी आजच बोलून ठेवा.